गाडीखालचा पत्रा

मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ताईचा फोन आला. ती म्हणाली, "हे उठत नाहीयेत." मी पेणहून रिक्षा केली आणि रोह्याला गेलो. पोचलो तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. भावोजी गेले होते. त्या दिवशी ताईचं डायलिसिस होतं.

याला आता पाच आठवडे होतील. ताई म्हणजे माझी मोठी बहीण सुमन आणि भावोजी म्हणजे तिचे यजमान दत्ताराम. रोह्याजवळच्या एका रसायनांच्या कंपनीत त्यांनी चौतीस वर्षं फिटरचं काम केलं. मी पेणच्या कॉलेजात ग्रंथपाल होतो, वेळेआधीच निवृत्त झालो. आयुष्यात एकही तास शिकवलेला नसताना भावोजी मला 'मास्तर' म्हणायचे. पुस्तकांशी संबंध असलेला माणूस त्यांच्या लेखी मास्तरच. आमच्यात तसं बोलण्यासारखं फार नव्हतं. ते माझ्याकडे यायचे तेव्हा पुस्तकांच्या कपाटाची बिजागरी तपासायचे आणि मी त्यांच्याकडे जायचो तेव्हा त्यांच्या हत्यारांच्या फळीकडे बघत चहा प्यायचो. आम्हाला खरं जवळ आणलं ते ताईच्या आजारपणानं, आणि त्यानंतर एका जुन्या गाडीनं.

ताईच्या किडन्यांनी काम थांबवलं त्याला तीन वर्षं झाली. मंगळवार, गुरुवार, शनिवार अशी तिची पाळी पेणला लागली, सकाळी अकराची. घर रोह्याला आणि मशीन पेणला. माझं घर पेणमध्येच, रामवाडीत आहे, पण तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. डायलिसिस झाल्यावर ताईचा रक्तदाब इतका उतरतो की तिला चार पायऱ्यांनंतर भिंत धरावी लागते. तळमजल्यावर भाड्यानं जागा बघूया, असं मी दोनदा म्हणालो. दोन्ही वेळा तिनं मान हलवली. रोह्याचं घर सोडलं की आपण आजारी आहोत हे आपल्यालाच पटेल, असं ती म्हणायची. तेव्हा आठवड्यातून तीनदा जाणं आणि तीनदा येणं, एवढंच उरलं. त्यासाठी भावोजींनी एका डॉक्टरांची जुनी गाडी घेतली. करड्या रंगाची, बारा वर्षं वापरलेली, चालायला चांगली, पण बसकी. पोटाशी रस्ता लागेल इतकी बसकी.

भावोजी काळजी करणारे होते. हे वाक्य वाचून कुणाला वाटेल की कुटुंबावर माया करणारा एक साधा माणूस असेल. तसे ते होतेच, पण मी म्हणतोय ते वेगळं. त्यांना काळजी करण्याचं काम जमायचं. कंपनीत ते ज्या विभागात होते तिथे एखादा व्हॉल्व्ह गळला तर माणसं खोकत बाहेर पळायची, त्यामुळे गळती व्हायच्या आधी ती शोधायची, ही त्यांची चौतीस वर्षांची सवय होती. गाडीच्या डिकीत दोरी, टॉर्च, जादा बेल्ट, पाण्याचे दोन कॅन आणि ऑइलचा डबा कायम. अकराची पाळी असली तरी ते नऊच्या आधी निघायचे आणि दहाला पेणला पोचून आत घेतील तोवर तासभर गाडीतच बसून राहायचे. ताई वैतागायची. "अहो, मशीनसुद्धा अजून झोपलंय," म्हणायची. आणि रोज संध्याकाळी गाडी दारात लावली की ते इंजिनाच्या खाली वर्तमानपत्राची पुरवणी पसरायचे. सकाळी उठल्यावर आधी तोंड धुवायचं नाही, आधी तो कागद ओढून बघायचा. तेलाचा डाग आहे का, किती मोठा आहे, कालच्या जागीच आहे की सरकलाय. मी अधूनमधून पुस्तकांवर या पुरवणीत लिहीत असे. एकदा त्यांच्या अंगणात गाडीखालून माझाच लेख डोकावताना दिसला. माझी नजर त्यांनी पकडली. म्हणाले, "रागावू नको. पुरवणीचा कागद जाड हाय, डाग पसरत नाय. तुजा लेख तर एकदम कोरडा निघाला, मास्तर." ताई आतून हसली. त्यांचं ते एकमेव साहित्यिक मत असेल.

यंदाच्या श्रावणात खांब गावाजवळ एक गोष्ट घडली. नागोठण्याचा आतला रस्ता खिंडीत बंद होता, म्हणून ते कोलाडवरून हायवेला आले होते. एका वळणरस्त्यावर पाण्याखाली दगड होता, तो दिसला नाही. इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणारं भांडं असतं, गॅरेजवाले त्याला चेंबर म्हणतात. त्या चेंबरला दगड लागला. भावोजींनी मला नंतर तो आवाज सांगायचा प्रयत्न केला होता. दोन हात एकमेकांवर आपटले, मग मान हलवली... तसा नव्हता. समोर ऑइलचा लाल दिवा लागला, त्यांनी त्याच क्षणी इंजिन बंद केलं. उतरून पाहिलं तर रस्त्यावरच्या पाण्यात काळं तेल इंद्रधनुष्यासारखं पसरत होतं. तो मंगळवार होता. शनिवार ते मंगळवार हे अंतर आठवड्यातलं सगळ्यात मोठं. तीन दिवसांचं पाणी ताईच्या अंगात साठलेलं असतं, पाय सुजतात, आदल्या रात्री ती उशा लावून बसूनच झोपते. भावोजी रस्त्यात उभे राहून हात करत होते आणि गाड्या पाणी उडवत जात होत्या. शेवटी पोह्याच्या गोण्या घेऊन पेणला निघालेला एक टेम्पो थांबला. ताई चालकाशेजारी बसली, भावोजी मागे गोण्यांवर ताडपत्रीखाली. ती पोचली तेव्हा तिच्या मशीनवर दुसरा माणूस होता. दुपारनंतर तिला चार तासांऐवजी अडीच तास मिळाले.

मी तिथे गेलो तेव्हा भावोजी बाहेरच्या बाकावर बसले होते. त्यांच्या केसांत पोह्याचा भुसा होता. ते म्हणाले, "दगड येवडा." आणि मूठ दाखवली. थोड्या वेळानं पुन्हा मूठ दाखवली. "येवड्याशा दगडानं, मास्तर."

चेंबर नवीन बसवलं. पण तेवढ्यानं त्यांचं भागणार नव्हतं. गॅरेजवाल्यानं सांगितलं की या जुन्या मॉडेलला खालून लावायचा गार्ड आता मिळत नाही, आणि मिळाला तरी प्लास्टिकचा असतो, दगडापुढे पापडासारखा. लोखंडी करून घेतला तर वजन वाढून गाडी अजून खाली बसेल. भावोजींनी ॲल्युमिनियमचं ठरवलं. रोह्यातल्या एका भंगारवाल्याकडे मोडीत निघालेल्या बसचा पायऱ्यांचा पत्रा पडला होता, वर दाण्यांची नक्षी असलेला, चांगला जाड. तो त्यांनी खांद्यावर टाकून घरी आणला. ताईनं दारातून पाहिलं आणि म्हणाली, "आता काय बस बांधणार आहात अंगणात?"

गणपतीच्या आधीचे ते तीन-चार आठवडे मी जवळजवळ प्रत्येक रविवारी रोह्याला होतो. गाडीची पुढची चाकं लाकडाच्या जाड ओंडक्यांवर चढवलेली असायची आणि मागच्या चाकांना दगड लावलेले. ते दगडही भावोजी खाली शिरण्यापूर्वी चारदा लाथ मारून बघायचे. मग ते पोत्यावर आडवे होऊन गाडीखाली सरकत, आणि त्यांचे फक्त पाय आणि आवाज बाहेर राही. माझं काम टॉर्च धरणं आणि मापं लिहून घेणं. आधी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यांनी नमुना केला. पुठ्ठा लावायचा, काढायचा, कात्रीनं छाटायचा, पुन्हा लावायचा. चेंबर आणि पत्रा यांच्यात दोन बोटं अंतर हवं, कारण पत्रा चेंबरला चिकटला तर दगडाचा मार थेट आत जाणार. ऑइल बदलायच्या बोल्टसमोर गोल खिडकी हवी. खालून त्यांचा आवाज यायचा, "एकशे चाळीस. लिवलास?" मी म्हणायचो, लिहिलं. "वाच." मी वाचायचो. "परत वाच."

पत्रा वाकवायचा दिवस मला चांगला आठवतो. ॲल्युमिनियम थंड असताना वाकवलं तर दुमडीवर तडकतं, आणि जास्त तापवलं तर ते लाल होऊन इशारा देत नाही, एकदम वितळून बसतं. म्हणून त्यांनी न्हाणीघरातून कपडे धुवायचा साबण आणला आणि जिथे वाकवायचं त्या रेषेवर चोळला. मग गॅसची ज्योत फिरवत राहिले. साबण पिवळा झाला, तपकिरी झाला, काळा झाला. काळा झाल्याबरोबर ज्योत बंद. तेवढाच ताप पुरे. थंड झाल्यावर पत्रा त्यांनी फळीवर ठेवून हातानं दाबला आणि तो जाड पत्रा चपातीची घडी घालावी तसा वळला. मी थक्क होऊन बघत होतो. तेवढ्यात ताई दारात.

"माझा साबण कुठेय?"

"कामाला लागलाय," भावोजी म्हणाले.

"आणि माझे कपडे?"

"ते मंगळवारी पेणला येणार ना तुज्यासंगट. मंग गाडी नीट पायजे."

बोल्टांच्या बाबतीत त्यांची वेगळीच भीती होती. भावोजी मूळचे पेणजवळच्या खाडीकाठच्या गावातले. त्यांचे वडील मिठागरावर होते, त्यांचं स्वतःचं लहानपणही मिठाच्या बांधावर गेलं. खाऱ्या हवेत लोखंडाला लोखंडाशेजारी नुसता गंज चढतो, पण ॲल्युमिनियमला लोखंडाचा बोल्ट थेट लावला तर वर्षभरात बोल्टाभोवतीचा पत्रा पांढरी भुकटी होऊन गळतो. त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबमधून गोल चकत्या कापल्या आणि प्रत्येक बोल्टाखाली, प्रत्येक पट्टीमध्ये त्या घातल्या. "दोघांना शेजारी ठेवायचा, पन हात लागू द्यायचा नाय," म्हणाले. पहिल्यांदा पत्रा बसवला तेव्हा एक चूक झाली होती. चार बोल्ट त्यांनी गाडीच्या सांगाड्याला आणि दोन इंजिनाच्या बाजूला दिले होते. इंजिन थरथरतं, सांगाडा थरथरत नाही. त्यामुळे साठच्या वेगाला सगळा पत्रा ढोलासारखा घुमू लागला. डायलिसिसनंतर ताईचं डोकं इतकं दुखतं की घड्याळाची टिकटिकही तिला नको होते. त्या दिवशी पेण ते रोहा ते तीसच्या वेगानं आले. दुसऱ्या दिवशी सगळं खोलून सहाच्या सहा बोल्ट सांगाड्याला दिले आणि मध्ये रबराचे तुकडे घातले. आवाज गेला.

मला वाटलं, आता त्यांना जरा स्वस्थ वाटेल. पत्रा खरंच उत्तम बसला होता. एकदा नागोठण्याजवळ मोठा खडा उडून खाली लागला, टण्ण आवाज झाला आणि काहीच झालं नाही. भावोजींनी त्या दिवशी मला फोन करून तो आवाज तोंडानं काढून दाखवला. पण पुढच्या रविवारी गेलो तर ते अंगणात पुरवणी हातात धरून बसले होते. कागद स्वच्छ होता.

"आठ दिस झाले," ते म्हणाले. "येक ठिपका नाय."

"मग चांगलंच की."

"चौदा वर्सांची गाडी हाय. ठिपका पडणार नाय, असा व्हईल काय?"

मग माझ्या लक्षात आलं. पत्रा खालून सगळं झाकत होता. आता तेल गळलं तरी ते पत्र्यावरच साठणार, कागदापर्यंत पोचणार नाही. त्यांनी दगडापासून चेंबर वाचवलं होतं आणि स्वतःची रोजची बातमी बंद करून टाकली होती. ते पुन्हा खाली शिरले, पत्रा उतरवला. आतल्या बाजूला रुपयाएवढा तेलाचा ओला डाग होता, नेहमीइतकाच. त्यांनी तो बोटानं पुसला, बोट माझ्यासमोर धरलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला चक्क समाधान दिसलं. मग ड्रिल घेऊन त्या नव्या पत्र्याला त्यांनी सगळ्यात खोलगट जागी सात भोकं पाडली. एवढ्या मेहनतीनं केलेल्या वस्तूला भोकं पाडताना बघून माझाच जीव खालीवर झाला. "दिसला पायजे," ते म्हणाले. "काय व्हतंय ते दिसला पायजे. मंग मी झोपतो."

इथे मला थांबावं लागतं... त्याच दुपारी पत्रा परत चढवताना त्यांनी मध्येच हात खाली घेतला आणि डावा खांदा चोळला. मी विचारलं. म्हणाले, पत्रा उचलून भरलाय. मला ते पटलं. पत्रा जड होता, ते तासन्‌तास आडवे पडून हात वर करून काम करत होते, वय सदुसष्ट. न पटायला काय होतं? पुढच्या वेळी ते म्हणाले, जबडा दुखतो, दाढ असेल. तेही मी ऐकलं. त्यानंतर दिवाळीपर्यंत मी त्यांना निदान चार वेळा खांदा चोळताना पाहिलं. तीन वर्षं आम्ही दोघं आठवड्यातून तीन दिवस दवाखान्यात बसत होतो. आमच्यापासून पंधरा पावलांवर डॉक्टर होते. एकशे चाळीस हे माप मी दोनदा वाचून खात्री केली होती, आणि खांद्याबद्दल एकदाच विचारलं. डॉक्टर नंतर म्हणाले की तपासलं असतं तर हृदयाचं कळलं असतं. कदाचित. मी 'कदाचित' या शब्दाशी रोज बसतो. त्यांनाही आतून काही जाणवत असावं, कारण याच दिवसांत त्यांनी मला गाडी शिकायला लावली.

अठ्ठावन्नाव्या वर्षी मला लायसन मिळालं ते त्यांच्यामुळे. मला गाडीची भीती वाटते, आजही वाटते. मी नको म्हणत होतो तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मी पडलो तर हिला कोन नेल?" पडलो म्हणजे आजारी पडलो, असं मी धरलं. रविवारी संध्याकाळी ते मला कुंडलिका नदीच्या काठच्या रस्त्यावर न्यायचे. गाडी दर दोन मिनिटांनी बंद पडायची. "पान उलटतोस तसा क्लच सोड ना," ते म्हणायचे. "पुस्तकाचा पान असा झटकतोस काय?" ते शेजारी बसलेले असले की त्यांचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर सारखा दाबला जाई. मी हायवेला एकदाही एकट्यानं गेलो नव्हतो. ते म्हणायचे, घाई नाय.

आता पुन्हा त्या मंगळवारी येतो.

ताई-भावोजींची मुलगी मीनल नागपूरहून विमानानं निघाली होती, चारपर्यंत पोचणार होती. शेजारच्यांची गाडी तिला आणायला पनवेलला गेली; माझी रिक्षा केव्हाच परत गेली होती, आणि आदळत्या रिक्षात ताईला बसवतही नाही. तिच्यासाठी थांबायचं ठरलं, म्हणजे भावोजी संध्याकाळपर्यंत घरात असणार होते. ताई त्यांच्या उशाशी बसली होती. तिचे पाय सुजून पावलं गोल झाली होती, आणि प्रत्येक वाक्याच्या मध्ये तिला श्वास घ्यावा लागत होता. जमलेल्या बायका म्हणाल्या, आजचा दिवस राहू दे, उद्या नेऊ. मी अंगणात जाऊन पेणला फोन लावला. तिथल्या सिस्टरनं वही बघितली. म्हणाली, "उद्या एकही मशीन मोकळं नाही. आज चुकलं तर गुरुवारीच. शनिवारनंतर थेट गुरुवार... काका, मी तुम्हाला थांबा असं सांगू शकत नाही." मी आत आलो आणि ताईच्या कानाशी ते सांगितलं.

"नाही," ताई म्हणाली. "हे इथे असताना मी उंबरा ओलांडू?"

खरं सांगायचं तर तिच्या 'नाही'नं मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं, कारण तिनं हो म्हटलं असतं तर गाडी मला चालवावी लागणार होती. असं वाटलं याची मला आजही लाज वाटते.

आठच्या सुमाराला आक्का आल्या. भावोजींची थोरली बहीण, ऐंशीच्या पुढची, सगळं आयुष्य मिठागरावर गेलेली. मला त्यांचा धाक वाटायचा, कारण घरातल्या सगळ्या रीती त्यांच्याकडून विचारून घ्यायच्या असत. त्या भावाच्या पायांना हात लावून बराच वेळ बसल्या. रडल्या नाहीत. मग त्यांची नजर ताईच्या पावलांवर गेली.

"सुमन, तुजा मशीन कदी हाय?"

"अकराला. पण आक्का, आज कसं जाऊ?"

"कंच्या गाडीनं न्हेत व्हता तो तुला?"

ताईनं दाराकडे बोट केलं.

"मंग जा गो बाय. मी बसतंय त्याच्यापाशी. त्याला येकटा नाय ठेवत."

मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, पण लोक काय म्हणतील?" आक्कांनी वळूनही पाहिलं नाही. "लोकांना मी सांगन. म्हयना म्हयना गाडीखाली पडून पत्रा लावीत व्हता, तो बायकोला घरात मारायला नाय." मग कुणी बांगड्यांचं काढलं, तर म्हणाल्या, "ती आल्यावर बघू. आता तिला चप्पल द्या." आणि मला, "मास्तर, चावी घे."

मी नऊ वाजून पाच मिनिटांनी गाडी काढली. ताई शेजारी बसली होती. तिच्या कपाळावर कुंकू होतं. खिंडीत माझे हात इतके घामेजले की स्टिअरिंग निसटत होतं, म्हणून एका हातानं धरून दुसरा हात पँटला पुसत होतो. नागोठण्याला हायवेवर आलो. भातकापणी चालू होती, रस्त्याच्या कडेला पेंढे उभे केले होते. गडब गावाजवळ एक ट्रक माझ्या अंगावर आल्यासारखा वाटला, मी गाडी डावीकडे घेतली आणि पुढचं चाक काँक्रीटच्या कडेवरून खाली उतरलं. खालून आवाज आला. खरवडल्याचा, लांबलचक. भावोजींना सांगता आला नव्हता तो आवाज हा असेल, असं मला वाटलं.

एका दुकानासमोर गाडी थांबवली. उतरलो, रस्त्यावर आडवा झालो. खाली पत्रा होता. डाव्या बाजूला आत दबलेला, आणि त्यावरून एक चकचकीत ओरखडा मागेपर्यंत गेलेला. त्या सात भोकांकडे मी बघत राहिलो. थेंब पडतो का... एक मिनिट, दोन मिनिटं. दुकानदार बाहेर येऊन म्हणाला, "काय काका, काय सांडला काय?"

"अरे," ताईचा आवाज आला, "थांबताना समोरचा लाल दिवा लागला होता का?"

"नाही."

"मग ऊठ. यांच्यासारखं करू नकोस. हे असते तर..." ती थांबली. श्वास घेतला. "ऊठ, चल."

आम्ही अकराला पाच कमी असताना पोचलो. सिस्टरनं ताईचा हात धरून तिला आत घेतलं आणि सहज विचारलं, "आज काका गाडी लावतायत का?" माझ्याकडून भावोजींबद्दल कुणाला काही सांगायचं राहून गेलं होतं. ताई म्हणाली, "नाही. आज ते घरी आहेत." आणि सुया टोचायला हात पुढे केला.

चार तास मी बाहेरच्या बाकावर होतो. तेवढ्यात मी पाच वेळा खाली जाऊन गाडीखाली वाकून आलो. भावोजी काय करत असत ते मी तीन वर्षं पाहिलं होतं, आणि थोडी थट्टाही केली होती. पावणेपाचला आम्ही रोह्याला परत आलो. मीनल आली होती. आक्का सकाळी बसल्या होत्या त्याच जागी बसल्या होत्या, त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. ताई स्वतःच्या पायांनी आत गेली, भावोजींच्या शेजारी बसली, आणि तेव्हा पहिल्यांदा रडली. साडेपाच वाजता त्यांना नेलं.

तेरावा झाल्यावर रामवाडीतल्या गॅरेजवाल्यानं गाडी वर उचलून बघितली. पत्रा दोन बोटांतलं एक बोट आत गेला होता. चेंबरवर खरचटल्याची खूणही नव्हती. त्यानं विचारलं, पत्रा ठोकून सरळ करू का? मी नको म्हणालो. नीट आहे तोवर हात लावायला मला भीती वाटते. ताईचा आणि माझा एका गोष्टीवर अजून वाद आहे. ती म्हणते, त्यांचा खांदा दुखायचा हे तिलाही माहीत होतं, रोज तेल तीच लावायची, तेव्हा सगळा दोष तू एकट्यानं घेऊ नकोस. मी हो म्हणतो. पण तेवढ्यानं माझं समाधान होत नाही, आणि तिचंही होत नसावं.

पेणचं घर मी बंद केलंय. सामानातली दोन खोकी पुस्तकं रोह्याला आणली, ती अजून उघडलेली नाहीत. हायवेवर मला अजून भीती वाटते, गडबला जास्त. गेल्या पाच आठवड्यांत ताईची एकही पाळी चुकलेली नाही. आज शुक्रवार आहे. तिच्या पायांवर थोडी सूज आहे. उद्या नऊला निघायचं आहे, आणि गाडी मी चालवणार आहे.